एमसी मेथीचा भोंगा

सकाळी तुम्ही चहाचा पहिला घोट घेता न घेता तोच गल्लीत 'वांगं घ्याऽऽ, भेंडी घ्याऽऽ' असं खरखरत ओरडणारा जो असतो, तो मीच. भोंगा म्हणतात मला. बुलढाण्यातल्या एका भाजीच्या हातगाडीला मला सुतळीनं बांधलेलं असतं. सबंध आयुष्य मी दुसऱ्यांचं बोललो. आज कुणी बटण दाबलेलं नसताना बोलतोय, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

मी कारखान्यात घडलो. निळं तोंड, मागं मूठ, मुठीवर दोन बटणं. काळं बटण दाबून धरलं की माणूस बोलेल ते मी मोठ्यानं बोलतो. लाल बटण दाबलं की ते पोटात साठवून घेतो आणि मग सांगाल तितक्या वेळा म्हणून दाखवतो. पोट मात्र लहान आहे. जेमतेम चार ओळी मावतात. पाचवी आली की अर्ध्यातच तुटते.

माझ्या पहिल्या मालकानं मला निवडणुकीसाठी घेतलं. ऑटोच्या टपावर बसून मी रस्ते, नळ, दिवे, सगळं देऊन टाकलं. मतदान झाल्यावर तो निवडून आला की पडला, ते मला समजलंच नाही. तोवर मी सीटखाली पडलो होतो. पुढं एका शिकवणीच्या क्लासानं मला फिरवलं आणि नंतर मी एका मिस्त्रीच्या फळीवर धूळ खात राहिलो. तिथून मला झुंबरबाईंनी उचललं.

झुंबरबाई मूळच्या अमडापूरच्या, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातल्या. त्यांचे यजमान वामनराव चर्चचं आवार झाडायचे आणि रविवारी घंटा वाजवायचे. ते वारल्यावर बाईंनी हातगाडी धरली. ओरडून ओरडून घसा बसला, म्हणून मला आणलं. त्यांच्या दमलेल्या आवाजात 'भाजी घ्या वं बाई' एवढंच मी कितीतरी महिने म्हणत होतो.

मग एके दिवशी त्यांची लेक काजल गाडीवर आली.

काजल बारावी झालेली, सडसडीत, एका जागी पाय न ठरणारी. तिनं मला हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि आईला म्हणाली, "माय, हे असं रडक्यासारखं कायले बोलून राह्यलं? भाजी ताजी हाय ना आपली?" तिनं लाल बटण दाबलं. शेजारच्या गाडीवर पेरू विकणाऱ्या सागरनं तोंडानंच ढुम-टक्-ढुम असा ठेका धरला. आणि माझ्या पोटात हे आलं:

"वांगं घ्या, भेंडी घ्या, मेथीची जुडी,
दारात आली काजल, काऊन मारली दडी?
टमाटं लाल लाल, मिरची तिखट,
भाव माहा सरळ हाय, घासाघीस फुकट!"

त्या सकाळी गल्लीतल्या बाया हसत हसत बाहेर आल्या. शाळेला निघालेली पोरं माझ्याबरोबर म्हणायला लागली. रॅप म्हणणाऱ्यांना एमसी म्हणतात, म्हणून आठवडाभरात काजलचं नाव पडलं, एमसी मेथी.

तुम्ही म्हणाल, भाजीवालीला रॅप कुठून आला? मोबाइलवर ऐकून आला, तसा चर्चमधूनही आला. लहानपणी रविवारच्या शाळेत हिंमतराव गुरुजींनी तिला भजनं शिकवली. गुरुजी निवृत्त शिक्षक, चर्चमधले वडीलधारे. ते टाळी वाजवून ठेका द्यायचे आणि म्हणायचे, "शब्द ठेक्यावर बसला पाहिजे, नाहीतर प्रभूला काय ऐकू येणार?" काजल अजून तसाच ठेका पाडते, तळहातानं, गाडीच्या फळीवर.

तिचा देवाशी बोलायचा प्रकारही तसाच, घरचा. रोज गाडी काढण्याआधी ती माझ्यावर हात ठेवायची, डोळे मिटायची. "प्रभू, भाजी सुकू देऊ नको. माही जीभ बी सुकू देऊ नको. अन् खोटं बोलू देऊ नको, आमेन." मग डोळे उघडून आईला विचारायची, "मेथीवर पानी मारलं का?"

तिची गाणी वाढत गेली. संध्याकाळी कॉलेजच्या मैदानाशेजारी चार-सहा पोरं जमायची. सागर ठेका धरायचा आणि काजल मला तोंडाशी धरून म्हणायची. कधी अर्ध्यात शिकवणी सोडलेल्या मैत्रिणीवर, कधी भर रस्त्यात तिच्याकडं पाहून शिट्टी मारणाऱ्यांवर. माझ्या चार ओळींच्या पोटात बसवायचं म्हणून ती एकेक शब्द निवडायची, काढायची, परत घालायची. माणसं बोलताना किती शब्द उधळतात, ते मी निवडणुकीत पाहिलं होतं. म्हणून मला तिचं फार कौतुक वाटायचं.

उन्हाळ्यातली गोष्ट. आमची गाडी गुरुजींच्या कॉलनीत होती. तिथं सरस्वतीबाई रस्ता झाडत होत्या. चाळिशीपुढच्या, काटक, बोलायला कमी. त्या गुरुजींच्या फाटकाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "पानी देता का बाई?"

गुरुजींच्या पत्नी अंबूबाई बाहेर आल्या. फाटकाच्या खिळ्याला प्लास्टिकचा एक लाल मग अडकवलेला होता, कान तुटलेला. तो सरस्वतीबाईंनी काढला, खाली धरला. अंबूबाईंनी वरून तांब्यानं पाणी ओतलं, जरा अंतर ठेवून. सरस्वतीबाई प्यायल्या, मग विसळला, परत खिळ्याला अडकवला. कुणी कुणाला वाईट बोललं नाही. अंबूबाई तर "ऊन लई हाय आज" असंही म्हणाल्या.

त्याच अंबूबाई मग आमच्याकडं आल्या, कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या, "काजल, आत ये ना. सरबत केलं हाय." आणि काचेच्या गिलासात सरबत आलं.

काजलनं गिलास हातात घेतला. प्यायली नाही. फाटकाकडं पाहत राहिली.

घरी आल्यावर तिनं बराच वेळ गाडीच्या फळीवर हात आपटला. मग लाल बटण दाबलं.

"पाहुन्याले देता तुमी काचेचा गिलास,
झाडनारीले लाल मग, तोही गेटापास!
इहिरीचं पानी तर इचारत नाई नाव,
मंग तुमच्या नळाले काऊन इतका भाव?"

झुंबरबाईंनी ऐकलं आणि त्यांच्या हातातली भाजी तशीच राहिली. "पोरी, हे गुरुजीच्या घरचं हाय ना?"

"चार-पाच गेटांवर हायेत असे मग, माय."

"लाल एकच हाय," झुंबरबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी ते कॉलनीत म्हटलं. फळीवर ठेवलेल्या भाजीसारखे ते शब्द उघडे होते. खिडक्या उघडल्या आणि काही लगेच बंदही झाल्या. सागरनं मोबाइलवर चित्रण केलं आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर फिरलं. मैदानावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. "एमसी मेथी, एक नंबर!" म्हणाले. काजलचे गाल लाल झाले होते. खरं सांगतो, मीही फुगलो होतो. आजवर इतक्या लोकांनी मला कधी ऐकलं नव्हतं.

पण कॉलनीत आमची भाजी कुणी घेईना. गाडी आली की बाया दुसरीकडं पाहायच्या. मेथी दुपारीच मान टाकायची.

रविवारी उपासना संपल्यावर गुरुजींनी काजलला थांबवलं. गाडी बाहेरच उभी होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"तुला मी ठेका शिकवला तो यासाठी का?" गुरुजींचा आवाज चढला नव्हता, पण कापत होता. "देवाचं देणं आहे तुझा आवाज. त्यात देवाची स्तुती कर. दुसऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडायला येशूनं सांगितलं का?"

"येशू तरी कुठं घरात बसून बोलला, गुरुजी? रस्त्यावरच बोलला ना तो? त्याच्याजवळ तर भोंगा बी नव्हता."

"तुझी अंबूमावशी चार दिवस जेवली नाही."

 काजल खाली पाहत म्हणाली, "माहा बाप या आवारात झाडू मारत होता. त्याले कोन्या मगात पानी देत होते, गुरुजी?"

 गुरुजींनी छत्री उचलली आणि ती न उघडताच ते उन्हात निघून गेले.

त्याहून मोठा घाव नंतर बसला. दोन दिवसांनी सरस्वतीबाई स्वतःच गाडीशी आल्या. काजल उठून उभी राहिली, हसून म्हणाली, "मावशी, या ना. आयकलं का गानं?"

"आयकलं." सरस्वतीबाईंनी झाडू भिंतीला टेकवला. "पोट्टे मोबाइलवर दाखवून राह्यले मले. 'मावशी, हे तुमच्यावर हाय' म्हनतात. हासतात. तू मले इचारलं होतं का वं?"

काजलचं हसू तसंच ओठांवर थिजलं.

"आता कोनी मग बी ठेवत नाई गेटावर. काढून घेतले सगळ्याईनं. लाज वाटते म्हने त्याइले. मंग पानी कुठं प्यावं मी? नळावर जा लागते, तिकडं मोठ्या रस्त्यावर. तुले टाळ्या भेटल्या. मले काय भेटलं?"

"मावशी, मी तुमच्यासाठीच..."

"माह्यासाठी?" सरस्वतीबाई म्हणाल्या. "तुह्या गान्यात झाडनारी हाय, मग हाय, नळ हाय. मी कुठं हाय?"

त्या निघून गेल्या. काजल गाडीच्या आडोशाला बसली आणि माझ्या तोंडात तोंड खुपसून रडली. मी बंद होतो, म्हणून ते कुणाला ऐकू गेलं नाही. माझ्या आत मात्र ते अजून कुठंतरी आहे. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि ते गाणं पुसून टाकलं. मोबाइलवरचं पुसणं तिच्या हातात नव्हतं.

त्यानंतर कितीतरी दिवस मी पुन्हा झुंबरबाईंच्या आवाजात 'भाजी घ्या' म्हणू लागलो. काजल गाडी ओढायची, पण सकाळी डोळे मिटून नुसती उभी राहायची. प्रार्थनेला शब्द नसायचे. सागर म्हणाला, "अबे, गानं खरं होतं ना तुहं? मंग?" ती म्हणाली, "खरं होतं. पन माहं नव्हतं. मी घेतलं, देऊन टाकलं, अन् जिचं होतं तिले इचारलंच नाई."

झुंबरबाई एकदा कांदे निवडता निवडता म्हणाल्या, "देवाले किती दिवस नुसती हात जोडून राह्यशील? सरस्वतीच्या घरी जा ना."

आणि काजल गेली. मला पिशवीत घालून, वर मेथीची एक जुडी ठेवून. भर दुपारी, सरस्वतीबाई कामावरून आल्यावर.

त्यांनी आधी दार अडवलं. मग जुडीकडं पाहिलं. "सुकली तर नाई ना?" म्हणाल्या. बाजूला सरल्या. काजल जमिनीवर बसली आणि पाणी मागितलं. सरस्वतीबाईंनी तिच्याकडं जरा रोखून पाहिलं, माठातून गिलास भरून दिला. काजलनं तो गटागटा पिऊन संपवला आणि म्हणाली, "मावशी, चुकलं माहं. तुमी सांगा, मी आयकते. गानं नाई करत."

सुरुवातीला त्या बोलेचनात. मग मेथी निवडायला घेतली आणि हात चालू झाल्यावर तोंडही चालू झालं. त्यांनी मगाबद्दल फार सांगितलं नाही. कुठल्या घरचं कुत्रं त्यांना पाहून शेपटी हलवतं, ते सांगितलं. कुणाच्या बागेतला मोगरा कधी फुलतो, तेही सांगितलं. आईनं आपलं नाव कौतुकानं ठेवलं होतं, मुलगी शिकेल म्हणून, हे सांगितलं. "अन् इतके वर्स झाले, त्या कॉलनीत मले कोनी 'ए', कोनी 'झाडूवाली' म्हनते. अंबूबाई 'बाई' म्हनते, तेवढं बरं. पानी तं नळाचं बी चालते वं पोरी. नावाचं काय करू?"

काजलच्या डोळ्यांत पाणी आलं.  सरस्वतीबाईंनीच पिशवीत डोकावून मला पाहिलं. "याच्यात बोलते का तू? मले दाखव."

पुढचे महिने काजल दर आठवड्याला तिथं जायची. कधी नुसती बसायची. कधी सरस्वतीबाई मला धरून 'हॅलो, हॅलो' म्हणायच्या आणि स्वतःच्याच आवाजाला लाजायच्या. एकदा दोघींनी मिळून ओळी जुळवल्या. काजलनं एक शब्द सुचवला तर त्या मान हलवायच्या. "हा नाई. मी असं नाई बोलत." काजल तो शब्द सोडून द्यायची. मी तिला इतक्या शांतपणे शब्द सोडताना पहिल्यांदाच पाहत होतो.

नाताळ आला. चर्चची मंडळी संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत फिरते. त्या वर्षी चर्चचा स्पीकर बिघडला. गुरुजी आमच्या गाडीशी आले. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच. एक मुळा उचलला, खाली ठेवला.

"भोंगा चालतो का?"

"हाव, गुरुजी."

"मग आण." ते वळले, थांबले. "आणि तू पण ये. तुझ्याशिवाय ठेका नीट बसत नाही."

काजल म्हणाली, "सरस्वतीमावशीले बी बोलावू का? त्या चर्चच्या नाईत. पन गानं आयकाले येतील."

गुरुजींनी मुळ्याकडं पाहिलं, काजलकडं पाहिलं. "आण," म्हणाले.

अंधार पडायच्या आत आम्ही कॉलनीत पोहोचलो. थंडी चांगली होती. घरोघर गाणी झाली, काही दारं उघडली, काही नाही. शेवटी गुरुजींचं घर. अंबूबाई चहाच्या गिलासांचा ट्रे घेऊन पायरीवर उभ्या होत्या. मंडळीत सरस्वतीबाई दिसल्या आणि अंबूबाईंच्या हातातला ट्रे किणकिणला.

गाणं संपलं. काजलनं मला खाली घेतलं, तेव्हा सरस्वतीबाईंनी हात पुढं केला. काजलनं गुरुजींकडं पाहिलं नाही, कुणाचीच परवानगी घेतली नाही. मला त्यांच्या हातात दिलं आणि स्वतः टाळीवर ठेका धरला. सरस्वतीबाईंची मूठ गार होती. त्यांनी काळं बटण दाबलं.

"माहं नाव सरस्वती, आईनं ठेवलं,
गल्लीत तुमच्या आजवर कोनं नाई घेतलं.
अंगन तुमचं झाडते, मोगरा मले ठाव बाई,
एक हाक नावानं मारा, दुसरं मांगत नाई."

आवाज कापत होता. मी जितका नीट पोहोचवता येईल तितका पोहोचवला. खरखर होऊ नये म्हणून श्वास धरल्यासारखा राहिलो.

टाळी थांबली.  अंबूबाईंनी ट्रे पायरीवर ठेवला आणि आत निघून गेल्या. मंडळीत कुजबुज झाली. काजलचा चेहरा उतरला.

मग त्या बाहेर आल्या. हातात पाण्याचा स्टीलचा गिलास होता, घरात सगळे पितात तसा. फाटकापर्यंत चालत आल्या.

"सरस्वतीबाई," त्या म्हणाल्या. नाव उच्चारताना अडखळल्या, पुन्हा म्हणाल्या, "सरस्वतीबाई, पानी घ्या."

सरस्वतीबाईंनी गिलास घेतला आणि सवयीनं मान मागं टाकून वरून धार धरली. पाणी हनुवटीवरून ओघळलं, पदर भिजला.

"अवं, तोंड लावून प्या ना," अंबूबाई म्हणाल्या.

सरस्वतीबाई सावकाश, तोंड लावून सगळं पाणी प्यायल्या. रिकामा गिलास परत दिला. मी अगदी जवळ होतो, म्हणून पाहिलं ते सांगतो. क्षणभर अंबूबाईंना तो गिलास कुठं ठेवावा ते सुचेना. तेव्हा गुरुजी पुढं आले, त्यांनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि ट्रेमधल्या बाकीच्या गिलासांत ठेवून दिला. मग चष्मा पुसत काजलला म्हणाले, "शेवटची ओळ जरा लांब झाली."

"त्याइची हाय, गुरुजी. मी नाई कापत."

"नको कापू," गुरुजी म्हणाले.

सगळं काही गोड झालं नाही. कॉलनीतली काही घरं अजून आमच्याकडून भाजी घेत नाहीत. काही जण सरस्वतीबाईंना अजूनही 'ए' म्हणतात. त्या आता वळून पाहत नाहीत, 'नाव घ्या' म्हणतात आणि झाडत राहतात. त्या चर्चच्या झाल्या नाहीत, कुणी त्यांना तसं म्हटलंही नाही. पण कधीमधी संध्याकाळी अंबूबाईंच्या पायरीवर बसून मेथी निवडताना दिसतात.

मी आता थकलोय. तोंडाला चिकटपट्टी लागली आहे. मिस्त्री म्हणतो आतली तार गेली, फार दिवस नाही टिकणार. सागरनं काजलसाठी चांगला माईक आणला आहे आणि तिची गाणी त्यावरच होतात. मला राग नाही. त्या माईकला कधी कुणी सुतळीनं बांधलं नाही एवढंच.

पण आज तिनं मलाच सोबत घेतलं आहे. आम्ही बसमध्ये आहोत, नांदुऱ्याला निघालोय. तिथल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या बायांनी तिला बोलावलं आहे. दिवसभर कापसाची धूळ नाकातोंडात जाते म्हणाल्या, आमच्यावर गाणं कर. काजल गाणं लिहून घेऊन निघालेली नाही. घाट उतरताना तिनं मला मांडीवर घेतलं, माझ्या पोटातलं सगळं पुसून टाकलं, आणि माझ्यावर हात ठेवून डोळे मिटले. "प्रभू, आधी आयकू दे," एवढंच म्हणाली.

तेव्हा बायांनो, मी येतोय. घसा फाटलेला आहे, पण पोट रिकामं आहे. लाजू नका, जवळ या. आधी तुमची नावं सांगा.